नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आमदारांच्या कार्यअहवालाचं काम आलं की आमच्या छापखान्यात पहिला हिशेब पानांचा होतो. मधोमध पिना मारायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीतच धरावी लागतात. परवा आलेला मजकूर फोटोंसकट ६१ पानांचा भरला. म्हणजे पुस्तिका ६४ पानांची आणि तीन पानं कोरी.

पेनड्राइव्ह घेऊन आलेला मुलगा साहेबांचा पीए. तिशीच्या आतला, चुणचुणीत, दिवसातून पन्नास फोन घेणारा. मी तीन पानांचं सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, फोटो टाका की. फोटोंना काय तोटा?" खरंच तोटा नव्हता. नारळ फोडतानाचे, फीत कापतानाचे, निवेदन घेतानाचे आणि निवेदन देतानाचे मिळून चारशेच्या वर फोटो त्या पेनड्राइव्हमध्ये होते. मी म्हटलं, दोन पानांवर फोटो घेते, एक पान मला दे. कशाला, असं त्यानं विचारलं. प्रूफ पाठवते तेव्हा बघ, म्हटलं.

त्या एका पानाबद्दल मला लिहायचं आहे. पण त्यासाठी बरंच मागं जावं लागेल.

सांगलीच्या गावभागात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छापखाना घातला तेव्हा एक ट्रेडल मशीन होतं आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी केसेस होत्या. मी सातवीत असल्यापासून प्रुफं वाचायला बसत असे. अप्पा मूळ कागद हातात धरून मोठ्यानं वाचायचे आणि मी ओल्या शाईच्या प्रुफावर पेन्सिल फिरवायची. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्यापाऱ्यांच्या पावत्या, विकास सोसायट्यांचे अहवाल अशी ती कामं असत. आणि वर्षाकाठी एखाददुसऱ्या आमदाराचा कार्यअहवाल. जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ आठ. मिरज आणि सांगली इथलेच. बाकी इस्लामपूर, शिराळा, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. पुढं पुढं ओळखीनं दुसऱ्या तालुक्यांतलीही कामं यायला लागली. कुठल्या सालचा अहवाल कुठल्या तालुक्यातला, हे मी या लेखात सांगणार नाही. आठच जागा असल्यावर माणूस लगेच ओळखू येतो, आणि छापायला आलेल्या कागदाची राखण करणं हाही आमच्या धंद्याचा भाग आहे.

छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत अप्पा बाजूला काढून ठेवायचे. तिला आम्ही ऑफिस कॉपी म्हणतो. सुतळीनं बांधलेले असे गठ्ठे माळ्यावर वर्षानुवर्षं साठत गेले. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. खालचा मजला पूर्ण बुडाला आणि माळ्यालाही पाणी लागलं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढला, मशीनं उघडी केली आणि गठ्ठे गच्चीवर नेऊन पान न पान वाळत घातलं. आर्ट पेपरवर छापलेली पुस्तिका भिजली की तिची पानं एकमेकांना चिकटतात, वाळल्यावर विटेसारखी होते, सोडवायला गेलं तर फाटते. साध्या पांढऱ्या कागदावरच्या जुन्या पुस्तिका मात्र उन्हात कडकडीत वाळल्या. कडा पिवळ्या पडल्या, मजकूर शाबूत राहिला. दोन आठवडे धंदा बंदच होता. मी गच्चीवर बसून तीस वर्षांचे अहवाल वाचून काढले.

एकटा अहवाल वाचताना काही कळत नाही. एकाच मतदारसंघाचे ओळीनं चार-पाच वर्षांचे वाचले की कळायला लागतं. या सालात "मंजूर" असलेला ओढ्यावरचा पूल पुढच्या सालात "प्रस्तावित" होतो, त्याच्या पुढच्या सालात यादीतच नसतो, आणि निवडणुकीच्या वर्षी पुन्हा "मंजूर" होऊन परत येतो. छापणारे हात आमचेच होते. अप्पांनी ती चारही प्रुफं माझ्याकडून तपासून घेतली होती आणि पूल शब्दातला दीर्घ ऊकार मी चारही वेळा नीट पाहिला होता.

"मंजूर" या एका शब्दाखाली काय काय मावतं, ते मला फार उशिरा समजलं. गावानं मागणी केली, आमदारांनी पत्र दिलं, खात्यानं प्रस्ताव तयार केला, अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, आणि मग ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश. एवढ्या पायऱ्या चढल्यावर पहिली पाटी खडी पडते. यातल्या कुठल्याही पायरीवर काम असलं तरी अहवालात ते मंजूरच असतं. पत्राला मंत्र्यांनी "तपासून सादर करावे" असा शेरा मारला, एवढ्यावरही मी मंजूर लिहिलेलं पाहिलं आहे. शिवाय कामाला हेड असतो, म्हणजे सरकारी हिशेबातलं ज्या खात्यावर पैसा पडतो ते शीर्ष. गावातला काँक्रीटचा रस्ता २५१५ मधून, जिल्हा मार्ग ५०५४ मधून, काही जिल्हा नियोजन समितीतून, काही आमदार फंडातून. गावातली पोरंसुद्धा आता हे आकडे पाढ्यांसारखे म्हणतात. एकच रस्ता एका वर्षी एका हेडखाली मागितला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या हेडखाली, की बेरजेत तो दोनदा येतो. मुखपृष्ठावरचा कोटींचा आकडा असा फुगत जातो.

आमदाराच्या स्वतःच्या शिफारशीवर खर्च होणारा स्थानिक विकास निधी महाराष्ट्रात २०२२ पासून वर्षाला पाच कोटी रुपये आहे. त्यातही आमदारानं काम सुचवायचं असतं. तपासणं, मान्यता देणं आणि पैसे सोडणं हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. मुखपृष्ठावरची बाकीची रक्कम शासनाच्या वेगवेगळ्या खात्यांच्या अर्थसंकल्पातली असते. ती आपल्या भागाकडे वळवून आणणं हे मोठं कष्टाचं काम आहे, त्याला मी कमी लेखत नाही. मंत्रालयातल्या सहाव्या मजल्यापासून इथल्या शाखा अभियंत्यापर्यंत एक फाइल ढकलत नेण्यात किती खेटे जातात, ते या पीए मुलांच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत दिसतं. पण "खेचून आणले" आणि "झाले" यांत अंतर आहे. मतदाराला त्या अंतराचा हिशेब मिळायला हवा.

हिशेब कसा असतो, ते आमच्या भागाला कुणी शिकवायला नको. हा सहकाराचा जिल्हा. जून-जुलै उजाडला की सोसायट्या, पतसंस्था, दूध संघ यांचे वार्षिक अहवाल छापायला येतात, कारण आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावीच लागते. त्या अहवालात चेअरमनचा फोटो असतो, श्रद्धांजलीचं पान असतं, पण त्याच्या मागं ताळेबंद असतो, नफा-तोटा पत्रक असतं. लेखापरीक्षकाचे शेरे असतात आणि त्यांवर संस्थेनं दिलेला दोषदुरुस्ती अहवाल असतो. सभेत "मंजूर, मंजूर" असा गलका होतो हे मीही ऐकलं आहे. तरी थकबाकीचा आकडा छापावा लागतो. माझ्या माहेरच्या गावातल्या सोसायटीच्या सभेत एक म्हातारे आजोबा दर वर्षी चष्मा कपाळावर सरकवून तो आकडा बोटानं शोधायचे आणि उभे राहून विचारायचे, "गेल्या साली एवढी हुती, औंदा वाढली कशी?" चेअरमनला उत्तर द्यावंच लागे. पाचशे सभासदांच्या सोसायटीला जे बंधन आहे, ते तीन लाख मतदारांच्या प्रतिनिधीला नाही. उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. निकाल लागल्यावर ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. निवडून आल्यावर पाच वर्षांत काय केलं, याचं सक्तीचं विवरण कुठल्याच कायद्यात नाही. कार्यअहवाल ही स्वखुशीची गोष्ट आहे. म्हणून तो काढणाऱ्याबद्दल मला आधी आदर वाटतो आणि मग अपेक्षा वाटते.

गच्चीवर वाळलेल्या गठ्ठ्यांत एका अहवालाच्या शेवटी विधानसभेतले प्रश्न जसेच्या तसे छापलेले सापडले. अप्पांनी ते दहा पॉइंटात, दोन रकान्यांत जुळवले होते. त्या प्रश्नांची भाषा मला लहानपणी पाठ झाली होती, कारण प्रत्येक प्रश्न त्याच चालीत यायचा. अमुक गावी पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटचा, ठरलेला: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

समोर मंत्र्यांचं उत्तर. हे खरे आहे. हे अंशतः खरे आहे. हे खरे नाही. आणि बऱ्याच ठिकाणी, प्रश्न उद्भवत नाही.

शाळेत असताना मला हा खेळ वाटायचा. अप्पांनी समजावलं. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खात्याला त्या उत्तरासाठी तालुक्यापर्यंतची माहिती मागवावी लागते, म्हणून प्रश्न दाखल झाला की इथल्या कार्यालयात फायली हलायला लागतात. कधी कधी सभागृहात प्रश्नाची पाळीच येत नाही, पण तोवर टँकर सुरू झालेला असतो. प्रश्नांखेरीज आमदाराच्या हातात लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना आहे. मुंबईत फेब्रुवारी-मार्चचं अर्थसंकल्पी अधिवेशन आणि पावसाळी अधिवेशन, डिसेंबरात नागपूरचं हिवाळी. राज्याचा सगळा पैसा त्या सभागृहाच्या संमतीनंच खर्च होतो. तिथं काय विचारलं, काय उत्तर मिळालं, कुठल्या विधेयकावर काय बोललो, हा आमदारकीचा गाभा. आणि गेल्या वीसेक वर्षांच्या अहवालांत या गाभ्याला मिळणारी जागा घटत घटत एका पानावर आली आहे. "अधिवेशनात विविध प्रश्नांवर आवाज उठवला" असं एक वाक्य आणि बाकावर उभं राहून बोलतानाचा फोटो. कुठला प्रश्न? उत्तर काय आलं? पुढं काय झालं?

यात आपला वाटा आहे, तो झाकून चालणार नाही. आपण आमदाराला कुठल्या मापानं मोजतो? लग्नाला आले होते का, मयताला आले होते का, फोन उचलतात का. सकाळी सातला त्यांच्या दारात उभी असलेली माणसं बदली, दवाखान्याचं बिल, अडकलेला सातबारा, पोराचा प्रवेश घेऊन आलेली असतात. ती दुःखं खरीच असतात. पण ज्या कामासाठी तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, लोकसेवा हक्काचा २०१५चा कायदा आहे, ते काम आमदाराच्या पत्रावाचून होत नसेल, तर आमदारानं अहवालात किती पत्रं दिली ते छापण्यापेक्षा ती का द्यावी लागली ते छापावं, असं मला मनापासून वाटतं.

कायदा करणारा आमदार काय करू शकतो, याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. वि. स. पागे अनेक वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळी गावात हाताला काम मागणाऱ्या माणसाला काम देणं ही सरकारची बांधिलकी असावी, ही कल्पना त्यांनी मांडली आणि तासगाव तालुक्यात विसापूरच्या भागात ती आधी करून पाहिली. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून तिला पैसा उभा केला गेला. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ साली देशानं आपला कायदा केला तेव्हा त्याच्यामागं महाराष्ट्राचा हा अनुभव होता. माझी आजी त्या कामांवर खडी फोडायला गेलेली आहे. संध्याकाळी हाताचे फोड दाखवायची आणि पगाराचा दिवसही सांगायची. आता या कामाचा वार्षिक अहवाल कसा लिहायचा? कोनशिला नाही, फीत नाही. "या वर्षी समितीत बोललो, या वर्षी खात्याचा आक्षेप आला, या वर्षी पुन्हा मांडलं" अशा नोंदींची दहा-बारा वर्षं. पण त्या नोंदी वाचणारे लोक असते, तर आपल्या कामाच्या दामामागं कुणाची किती वर्षं गेली, ते आजीला कळलं असतं.

पाण्याचंही तसंच. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं आणि फेरविचाराची मुदत मे २००० ठेवली. त्याच्या आत पाणी अडवायचं म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पंप चालू व्हायला दशकं गेली. कऱ्हाडजवळ टेंभूला अडवलेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत आटपाडीच्या माळापर्यंत न्यायचं, हे कुठल्याही एका माणसाच्या एका वर्षाचं काम असूच शकत नाही. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या, हजारो माणसं भाकरी बांधून त्यांना गेली, अभियंते आले, निवृत्त झाले, सरकारं बदलली. पंपांचं वीजबिल परवडेना, तेव्हा ८१ टक्के शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं ठरलं. आणि माझ्या गच्चीवर दोन वेगवेगळ्या पुस्तिका शेजारी शेजारी वाळत होत्या, ज्यांत एकाच कालव्यापुढं दोघांनीही "माझ्या प्रयत्नांतून" लिहिलं होतं. दोघांनी प्रयत्न केलेच असणार. पण "आमच्याआधी अमुक वर्षं हे काम चालू होतं, आम्ही यात एवढी भर घातली, एवढं अजून राहिलं" असं एकानं जरी लिहिलं असतं, तरी पाण्याची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला आपण नक्की कुठं उभे आहोत, ते कळलं असतं.

असं लिहिणारा एक आमदार मी पाहिला आहे.

मी नववीत होते. दुष्काळी पट्ट्यातले होते ते. त्यांचा मजकूर टाइप करून यायचा नाही. शाळेच्या दोनशे पानी वहीत, शाईच्या पेनानं, स्वतःच्या हातानं लिहिलेला असायचा. सोळा पानांची पुस्तिका, साधा कागद, एकही फोटो नाही. त्यातली तीन पानं झालेल्या कामांची, सहा-सात सभागृहातल्या प्रश्नोत्तरांची, आणि शेवटचं पान "राहिलेली कामे". त्या वर्षी त्या पानावर चौदा कामं होती. प्रत्येकापुढं एक ओळ, ते का राहिलं याची. अप्पांनी ते पान जुळवलं आणि मला हाक मारली. मूळ कागद त्यांनी मोठ्यानं वाचला, नेहमीपेक्षा हळू.

पुस्तिका पोचवायला अप्पा आणि मी एसटीनं गेलो. त्यांच्या गावापासून दोन कोसांवरच्या एका वाडीत त्या दिवशी सभा होती. सभा म्हणजे पिंपळाच्या पारावर घोंगडं अंथरलेलं, समोर शंभरेक माणसं, बायका भिंतीच्या कडेला. गॅसबत्ती. हार नको, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. त्यांनी पुस्तिका उघडली ती शेवटच्या पानावर.

"क्रमांक तीन. ओढ्यावरचा फरशी पूल. गेल्या साली म्हणालो होतो, पावसाच्या आत करतो. झाला नाही. अंदाजपत्रक दोनदा परत आलं. दुसऱ्यांदा परत आलं ते मी वेळेत बघितलं नाही, चूक माझी."

कुणी बोललं नाही. ते पुढचं वाचत गेले. चौदावं वाचून झाल्यावर भिंतीकडची एक म्हातारी उठली. "आन् आमची यष्टी? ती कुटं लिवलीया त्यात?"

त्यांनी पान वर-खाली पाहिलं. "मावशी, ती राहिलीच की लिहायची." खिशातलं पेन काढून त्यांनी पुस्तिकेवर पंधरावी ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. मग आणखी दोघं उठले. एकानं शाळेच्या खोलीचं सांगितलं, त्याला उत्तर मिळालं की ती जिल्हा परिषदेकडं आहे, पण मी सोबत येतो. दुसऱ्याचं बांधाचं भांडण होतं, ते त्यांनी लिहून घेतलं नाही. रागावलेली माणसंही होती. पुलाच्या मुद्द्यावर एकजण बराच वेळ मोठ्या आवाजात बोलत राहिला. ते ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी अप्पा छापखान्यात आले ते थेट पानं बांधायच्या दगडापाशी गेले. शेवटच्या पानाचा फर्मा अजून सोडलेला नव्हता, खिळे बांधलेले तसेच होते. त्यांनी चौदाव्या ओळीखालची लेड, म्हणजे शिशाची पट्टी, काढली, पंधरावी ओळ जुळवून घातली, आणि बाकीच्या गावांसाठीचं ते पान पुन्हा छापलं. "क्र. १५ : वाडीची एसटी." बिलात ते धरलं नाही. आईनं विचारलं तर म्हणाले, प्रुफातली चूक होती.

पुढच्या वर्षीच्या वहीत तीच यादी तेच क्रमांक घेऊन आली. वहीखात्यात "मागील पानावरून पुढे" लिहितात, तशी. तीन नंबरचा पूल पूर्ण. पंधराव्यापुढं लिहिलं होतं: सकाळची फेरी सुरू, संध्याकाळची मागणी चालू.

ही पुस्तिका पुरात भिजूनही आज माझ्या टेबलावर आहे.

परवा ते ६१ पानांचं काम आल्यावर मी रात्री याच आमदारांचा गेल्या वर्षीचा अहवाल काढला आणि नवा त्याच्या शेजारी ठेवला. गेल्या वर्षी "मंजूर" किंवा "प्रस्तावित" असलेली आणि या वर्षी ना झालेल्यांत ना चालू असलेल्यांत अशी अकरा कामं निघाली. एक उपकेंद्र, दोन रस्ते, एक साठवण तलाव, एका मुलींच्या शाळेची भिंत, असं. ती मी उरलेल्या पानावर घेतली. वर मथळा दिला नाही. डावीकडं काम, उजवीकडं कोरी जागा, आणि दोन्हींच्या मध्ये विधानसभेच्या चालीत एकच ओळ: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

प्रूफ गेल्यावर तासाभरात त्या मुलाचा फोन आला. "ताई, हे काय हो? हे छापलं तर विरोधक एवढंच पान फोटो काढून सगळ्या ग्रुपवर फिरवतील. बाकीची साठ पानं कोण वाचतंय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. हेही सांगितलं की या अकरा गावांतल्या लोकांना आपलं काम झालं नाही हे आधीच माहीत आहे. ते रोज त्या रस्त्यानं जातात. अहवालात ते नाही एवढंच त्यांना नव्यानं कळेल. तू साहेबांना दाखव, ते नको म्हणाले तर मी फोटो टाकते, काम तुमचं आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यातलं साठवण तलावाचं गाव माझं आहे, ताई."

तीन दिवसांनी प्रूफ परत आलं. पाकिटातून काढताना माझा हात थरथरला, हे कबूल करते. अकरांपैकी आठ कामांवर लाल पेनानं काट मारली होती. माझी मधली ओळ खोडली होती. तीन कामं ठेवली होती. त्यांच्या वर त्या मुलाच्या अक्षरात मथळा होता, "पाठपुरावा सुरू असलेली कामे". पहिल्या दोन कामांपुढची जागा कोरीच होती. तिसरं काम साठवण तलावाचं. त्याच्यापुढं निळ्या शाईत, दुसऱ्याच कुणाच्या तरी तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं:

"वन विभागाची परवानगी अडली. प्रस्तावात गट नंबर चुकला होता, तो आमच्या कार्यालयातून चुकला. दुरुस्त करून पुन्हा दिला आहे."

मी संगणक चालू केला. ती ओळ बारा पॉइंटात घेतली, दोनदा वाचून पाहिली, आणि आधीच्या दोन कामांपुढच्या कोऱ्या जागेवर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करून प्रूफ पुन्हा पाठवलं.